सरांसाठी खरवस

भूकंपात नागाबाईचं माहेर एका रात्रीत संपलं. आई, बाप, भाऊ, सगळे ढिगाऱ्याखाली गेले. उघड्यावर बांधलेली एक संकरित कालवड तेवढी वाचली. ती तिनं रेणापूरजवळच्या आमच्या गावी आणली आणि तिला 'माझं माहेर' म्हणू लागली. गाव हसलं. हसायला आमचं काय जातं!

तिचा नवरा व्यंकट म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. गाय बादली भरून दूध द्यायला लागली, तसा पारावर बसून आपलीच फुशारकी मारायचा. गुरांच्या डॉक्टरांनी दिलेली खनिजाची पावडर नागाबाई रोज पेंडीत कालवते, हे मात्र कुणाला सांगायचा नाही. गाय आटली तेव्हा त्यानं पावडर बंदच केली. "दूध देत न्हाई, तिला कशाला लाड?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, गाभण गाईची पावडर तोडू नका, आणि व्याल्याबरोबर कास पार रिकामी करू नका. अंगातलं कॅल्शियम दुधावाटे जातं आणि गाय बसते.

पण पोरगा श्रीमंत लातूरला बारावीच्या क्लासला होता, आणि व्यंकटला त्याला सरांच्या खास बॅचमध्ये घालायचं होतं. त्या बॅचपायी तेव्हा शहाणीसुरती माणसं येडी झाली होती. गाय व्याली आणि सरांना खरवस न्यायचा म्हणून व्यंकटनं शेवटच्या थेंबापर्यंत चीक पिळला.

"अवो, थोडा ठिवा तिच्या अंगात!" नागाबाईनं त्याचा हात धरला. त्यानं तिला ढकललं आणि तिलाच खरवस करायला बसवलं.

सकाळी गाय उठेना. कान गार, मान कुशीला वळलेली. नागाबाई रडत म्हणाली, "डॉक्टरला धाडून द्या. दवाखाना वाटंवरच हाय."

"हाव, हाव," म्हणत तो डबा घेऊन एसटीत चढला.

डॉक्टर येईनात. दुपारी तिनं शेजारच्या पिराजीला सायकलवर पिटाळलं. डॉक्टर लगेच आले, पण सुई टोचायच्या आत गाय गेली.

"सकाळभर दवाखान्यातच होतो मी," ते म्हणाले. "कॅल्शियमच्या एका बाटलीत उठली असती, बाई." आम्ही शेजारीपाजारी गोठ्यात जमलो होतो; व्यंकट समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती.

संध्याकाळी तो हसतच आला.

"डॉक्टरला सांगितलं न्हाई?" नागाबाईनं विचारलं.

"उतरलो असतो तर गाडी गेली असती. सरांना लई आवडला खरवस. आणखी आणा म्हणले." त्यानं रिकामा डबा तिच्यापुढं धरला.

तिनं तो घेतला नाही. "गोठ्यात पडलीय ती," ती म्हणाली. "जावा, पिळून आणा."