केळापूरच्या वाटेवर चाकातला खटका

त्या दिवसांत मी देवीपुढे दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. मागायचं ते सगळं मागून झालं होतं. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी पांढरकवड्याला न्यावं लागे. आमचं गाव मुकुटबनच्या अलीकडे, आतल्या रस्त्याला. बसची वेळ आणि दवाखान्याची वेळ कधी जुळलीच नाही. नवरा ट्रकवर, आज हैदराबाद तर उद्या नागपूर. घरात त्याची मोटारसायकल उभी होती. ती मी शिकले. गावात थोडं हसू झालं, मग लोकांना सवय झाली. आत्याबाईंना मागे बसवायचं, माझ्या कमरेभोवती ओढणीनं सैलसं बांधायचं आणि निघायचं.

दसऱ्याच्या दोनेक महिने आधी गाडीत एक आवाज सुरू झाला. ॲक्सिलेटर सोडला की खट्, पुन्हा दिला की खट्. आधी बारीक, मग पायाला जाणवेल इतका. गावातल्या मिस्त्रीनं चेन ताणून दिली. काही दिवस बरं वाटलं, मग आवाज दुपटीनं आला. त्यानं नवी चेन टाकली आणि तीही ताणली. एकदा वळणावर चेनच उतरली. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला पडलो. लागलं फारसं नाही, पण त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचे पाय खांबासारखे सुजले, बोलताना दम लागायला लागला.

रात्री त्या म्हणाल्या, "मले आता नेऊ नको माय. कायले जिवाले त्रास करून घेतं? देवीच्या मनात असंल तसं होईन."

मी म्हणाले, "देवीच्या मनातलं देवी पाहीन. गाडी मी पाहतो."

हे मी रागानंच बोलले होते. पण बोलले तशी वागलेही. नवऱ्याला फोनवर विचारून विचारून गाडीची तपासणी शिकले. तो सांगायचा, "इंजिन बंद कर, गिअर टाक अन् मांगचं चाक हातानं मांगं-पुढं हलव. कोणती वस्तू आधी हलते अन् कोणती मांगून, ते पाह्य." मी अंगणात बसून चाक हलवायचे. चेनच्या पुढच्या लहान चक्राला खेळ, म्हणजे ढिलेपणा, नव्हता, क्लच नीट होता. आवाज मात्र सापडत नव्हता. गाडीवर बसलं की तो सगळीकडून आल्यासारखा वाटे.

नवरात्रातल्या एका सकाळी आम्ही निघालो. हायवेला लागल्यावर केळापूरच्या जगदंबेला पायी जाणाऱ्या बायका दिसू लागल्या. त्यांना वाट द्यायला मी गाडी हळू केली, पुन्हा वेग दिला, आणि असा दणका बसला की आत्याबाई ओरडल्याच. मी गाडी कडेला घेतली. जीपगाड्यांना हात दाखवला. सगळ्या यात्रेकरूंनी भरलेल्या, एकही थांबली नाही. दवाखान्यातली आमची वेळ जवळ येत होती. आत्याबाई दगडावर बसून धापा टाकत होत्या आणि मला देवीचं नाव घ्यावंसंही वाटेना.

तेवढ्यात मागून येणारी एक बाई थांबली. हिरवं लुगडं, डोक्यावर ओटीची टोपली, पाय अनवाणी. आधी तिनं आत्याबाईंना पाणी पाजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मांगून येतानीच तुमची गाडी आयकली वो बाई. माह्या बाजूनं गेली तवा चेन गपचूप होती. आवाज मांगच्या चाकाच्या पोटातून आला."

मी चमकले. बसणाऱ्याला जे कळत नव्हतं ते चालणारीला ऐकू आलं होतं. मी गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, गिअर टाकला, एक हात चेनच्या दातेरी चक्रावर ठेवला आणि दुसऱ्यानं चाक हलवलं. चक्र जागच्या जागी, आणि चाक मात्र चांगलं बोटभर फिरून खट्! नवऱ्यानं टूलबॉक्समध्ये ठेवलेल्या पान्ह्यांनी मी चाक उतरवलं. आत धक्का झेलणारी रबरं असतात. त्यांचा भुगा झाला होता. लोखंड लोखंडावर आपटत होतं.

दुखणं सापडलं, पण औषध कुठून आणायचं? मी त्या भुग्याकडे बघत बसले आणि तेव्हा रडू आलं.

"काय पायजे?" बाईनं विचारलं.

"रबर. जाड रबर पायजे."

तिनं टोपलीतून पिशवी काढली. पिशवीत रबरी चपला होत्या, जवळजवळ नव्या. "जातानी अनवाणी जायाचा नवस हाये. येतानी घालाले घेतल्या होत्या. घ्या, कापा."

"अन् तुम्ही?"

"येतानी बी तिचीच वाट हाये ना?" असं म्हणून नारळ सोलायचा विळा तिनं माझ्या हातात दिला.

मी चपलांचे तुकडे कापून रबरांच्या रिकाम्या खाचांत घट्ट बसवले. चाक चढवलं, गाडी स्टँडवरून खाली घेतली. मग तिनं आत्याबाईंना गाडीवर बसवलं, स्वतःही टेकली आणि म्हणाली, "आता चेन पाहा." मी पाहिलं तर दोघींच्या वजनानं चेन तारेसारखी ताठ झाली होती. इतके दिवस रिकामी गाडी उभी करून आम्ही ती ताणत होतो, आणि वजन बसलं की तोच ताण चाकाला खात होता. मी चेन सैल केली, दोन बोटं हलेल इतकी. गाडी सुरू केली. थोडं पुढं नेऊन आणली. खटका नव्हता.

मी वाकून तिच्या पायांना हात लावायला गेले तर तिनं पाय मागं घेतले. "मले नोको. उशीर होईन, जा."

दवाखान्यात आम्ही वेळेवर पोचलो. सुई टोचताना आत्याबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "पुढच्या खेपेले बी येतो मी." ते ऐकून मी बाहेर आले. डायलिसिस चार तास चालणार होतं, म्हणून बाजारातून नव्या चपला घेतल्या आणि जवळच्या केळापूरला गेले. दर्शनाच्या रांगेत मी चेहरे पाहिले, पदर पाहिले, शेवटी नुसते पाय पाहत राहिले. भेगाळलेले, धुळीनं भरलेले, सगळे अनवाणी. कोणते तिचे, काही केल्या ओळखता येईना.

ती आसपासच्या गावातलीच कुणी साधी बाई असेल. मी त्यात चमत्कार शोधत नाही. मिस्त्रीनं पुढे खरी रबरं टाकली आणि आत्याबाई आजही माझ्या मागे बसून दवाखान्यात येतात. त्या दिवशी मला एवढंच कळलं की आपले हात चालवायचे, अगदी शेवटपर्यंत चालवायचे, पण देवाच्या हातासाठी थोडी जागा सोडायची. माझ्या रागानं तेवढीही जागा ठेवली नव्हती.

चपला मी दानपेटीजवळ ठेवल्या. गाभाऱ्यात देवीचे पाय फुलांखाली झाकले होते. म्हणून मी उंबरठ्यावर, जिथून ते सगळे धुळीचे पाय गेले होते, तिथं डोकं टेकवलं आणि कित्येक महिन्यांनी हात जोडले.