घंटीमामांची तीन मिनिटं

नगरपालिकेच्या सभेत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. तिसरं संपलं की टेबलावरची घंटा वाजते. ती वाजवणाऱ्या आमच्या कारकुनाला सगळे घंटीमामा म्हणतात. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. एकदा गटाराची तक्रार घेऊन आलेल्या सख्ख्या मेहुण्यालाही वाक्याच्या मधोमध गप्प बसवलं आणि घरी आठवडाभर बायकोचा अबोला सोसला. मी त्यांच्या शेजारी बसून इतिवृत्त लिहिते, म्हणजे कोण काय बोललं त्याची नोंद.

नगरपालिकेच्या शाळेची भिंत पडून सात जण गेले. त्यांत मामांची एकुलती एक मुलगी होती. ती तिथे शिवण शिकवायची. पाचव्या दिवशी मामा कामावर हजर झाले आणि त्यांनी अध्यक्षांना अर्ज दिला: सभेची पहिली दहा मिनिटं गेलेल्यांसाठी ठेवा, घरच्यांना मन मोकळं करू द्या. अध्यक्ष म्हणाले, दुःख सगळ्यांनाच आहे, पण तो विषयपत्रिकेवर घेण्याचा विषय नव्हे. दुसऱ्या अर्जाला उत्तरच आलं नाही. तिसरा माझ्या डोळ्यांदेखत फाइलीत गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरी मलाही हवी होती.

शेवटी नव्या भिंतीच्या उंचीचा विषय निघाला. तेवढ्यावर तरी बोलता येईल म्हणून घरच्यांनी नावाच्या चिठ्ठ्या दिल्या. पहिली मामांचीच होती. आज घंटा मी सांभाळते म्हटलं, तर नको म्हणाले. टेबलामागेच उभे राहिले, घड्याळ समोर ठेवून.

भिंतीचं त्यांनी काढलंच नाही. भिंत पडली त्या दिवशी सकाळी पोरीची कात्री सापडत नव्हती, ते सांगू लागले. दोघांनी मिळून सगळं घर उलथंपालथं केलं. ती चिडली, हेही चिडले. कात्री निघाली खिडकीत, रात्री यांनीच तिथे ठेवलेली. "ती म्हणाली, आज पहिला तास सोडते. मी म्हटलं, वेळ म्हणजे वेळ, पळ आधी..."

घंटा वाजली. हात त्यांचाच होता.

मागून एक आई उठली. तिचाही मुलगा त्या भिंतीखाली गेला होता. "माझी तीन मिनिटं मामांना द्या," ती म्हणाली. अध्यक्ष खाली कागदात बघत राहिले. उत्तर मामांनीच दिलं.

"नियमात बसत नाही, ताई."

आणि त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "तिचं नाव आलंय ना त्यात?"

मी इतिवृत्ताचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. नाव नव्हतं. तीन मिनिटांत ते नावापर्यंत पोचलेच नव्हते, आणि सभेत जे बोललं जात नाही ते मी लिहीत नाही. माझ्या अंगातला ब्लाऊज तिनेच शिवलेला होता.

"तुम्ही घेतलंच नाही, मामा."

त्यांनी पान दोनदा वाचलं आणि नीट सरळ करून परत दिलं.

"बरोबर लिहिलंयत, बाई," ते म्हणाले.