पानाखालची तारीख

हेडर मॅडम चिडल्या की आवाज चढवत नसत, पान फाडत. चाकणच्या आमच्या कंपनीत मशीनची मॅन्युअल तयार करायचं काम त्यांच्याकडे होतं आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. जाडजूड फाइल समोर ठेवली की त्या मधलंच एक पान ओढून काढायच्या आणि विचारायच्या, "हे पान जमिनीवर पडलेलं सापडलं, तर कुठल्या मशीनला नेऊन द्याल?" पानाच्या डोक्यावर उत्तर नसलं, की ते टर्रकन फाडून दोन तुकडे आपल्या हातात. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पगाराच्या स्लिपवर असावं. पानाच्या डोक्यावरच्या ओळीला हेडर म्हणतात, म्हणून शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, त्या हेडर मॅडमच होत्या.

हा हट्ट उगाच नव्हता. शॉपमध्ये अख्खं मॅन्युअल कुणी वाचत नाही. हवं ते पान काढायचं, लॅमिनेट करायचं आणि तारेने मशीनला टांगायचं, ही आमच्याकडची रीत. पूर्वी प्रत्येक पानावर मशीनचं नाव हाताने टाइप करत. जुन्या प्रकरणाची नक्कल करून नवं लिहायचं आणि वरचं नाव बदलायला विसरायचं, त्यामुळे कटिंग मशीनवर कंप्रेसरचं पान खुशाल लोंबकळत असे. मॅडमनी हे बंद केलं. मशीनचं नाव प्रकरणाच्या सुरुवातीला एकदाच लिहायचं, पुढच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर ते आपोआप उमटणार. पायाशी पानाचा क्रमांक आणि तपासणीची तारीख. ती तारीखही एका जागी बदलली की सगळ्या पानांवर बदलायची.

मी सुरुवातीलाच घोळ घातला. नाव आपोआप येतं त्या जागी मी हाताने 'कंप्रेसर' टाइप केलं आणि अख्खं मॅन्युअल कंप्रेसरचं होऊन बसलं. मॅडम म्हणाल्या, "अहो, वरचं नाव चुकलं तर वर जाऊन रंगरंगोटी करायची नसते. ते जिथून येतं तिथे जाऊन बदलायचं." पुढे माझ्या मुलाने प्रगतिपुस्तकावरचे मार्क खोडून वाढवले, तेव्हा माझ्या तोंडून हेच वाक्य निघालं.

मॅडमच्या वडिलांनी पिंपरीच्या कंपनीत सगळी नोकरी मशीनवर काढली होती. "आमच्या घरी बाबा जेवायला बसले की आई आधी त्यांच्या दोन्ही हातांकडे बघायची, मग वाढायची," असं त्या एकदा डबा खाताना म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या रागाची मला भीती वाटेनाशी झाली.

आता आमच्या प्लांट हेडबद्दल. या माणसाचं नाव मी घेणार नाही, त्याची तेवढी लायकी नाही. मॅडमनी मोठ्या हौसेने त्याला नवं मॅन्युअल दाखवलं, तेव्हा त्याला त्यातली एकच गोष्ट कळली. "म्हणजे एका जागी तारीख बदलली की सगळी पानं नवी?" मॅडम म्हणाल्या, "पानं नवी नाही सर. तपासल्यावरच तारीख बदलायची." पुढचं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचलंच नसावं.

पत्रा दाबून घडवणाऱ्या पॉवर प्रेसची मोटर आणि ब्रेक त्या सुमारास बदलले होते. बटण बंद केल्यावरही चाक काही वेळ फिरत राही. त्यामुळे डाय, म्हणजे साचा, बदलताना प्रेसचा वरचा भाग खाली येऊ नये म्हणून आधी मध्ये सेफ्टी ब्लॉकचा टेकू लावणं भाग होतं. पानावर मात्र जुनाच मजकूर होता: लाल बटण दाबा, डाय काढा. ते प्रकरण तपासायला माणूस द्या म्हणून मॅडम सारख्या मागे लागल्या होत्या. माणूस मिळेना, म्हणून त्यांनी खाली जुनीच तारीख ठेवली होती. ती बघून ऑपरेटर निदान विचारायचे तरी, "मॅडम, हे अजून असंच आहे का?"

मॅडम बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेल्या आणि इकडे ऑडिट आलं. साहेबाने मला मीटिंगला पिटाळलं आणि दुसऱ्या कुणाकडून तारीख बदलून घेतली. न तपासलेलं सगळं मॅन्युअल चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात तपासलेलं झालं आणि मशीनमशीनवर ताजी पानं टांगली गेली. रजेवरून आल्या आल्या मॅडम तडक त्याच्या केबिनमध्ये शिरल्या. "तपासलं कुणी?" तो हसत म्हणाला, "मॅडम, तारीखच तर आहे. उलट ऑडिटरने तुमच्या कामाचं कौतुक केलंय." ते हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मॅडम केबिनमध्ये भांडत होत्या, तेव्हाच प्रेसवर बालाजीची दोन बोटं गेली.

बालाजी प्रेसवरचा ऑपरेटर, लातूरकडचा, शांत पोरगा. आम्ही त्याला भेटायला दवाखान्यात गेलो तेव्हा बँडेजमधला हात छातीशी धरून तो स्वतःच मॅडमची समजूत घालायला लागला. "मॅडम, मी वाचूनच केलतो की. पानावर ह्याच आठवड्याची तारीख व्हती. मला वाटलं, तुमीच तपासलंव." चौकशीत काय ठरलं? कामगाराचा निष्काळजीपणा! वाचून, सांगितलं तसंच करणारा माणूस निष्काळजी आणि न वाचता तारीख ठोकणारा साहेब! तारीख खोटी होती, हे मॅडमनी चौकशीत तोंडावर सांगितलं. त्यानंतर आठवडाभरात त्यांना राजीनामा द्यायला लावला.

शेवटच्या दिवशी त्या प्रेसपाशी गेल्या. लॅमिनेट केलेलं पान हाताने फाटेना. मग त्यांनी पर्समधून कात्री काढून खालची तारखेची पट्टी तेवढी कापली. "वरचं नाव खरं आहे, राहू दे," म्हणाल्या. मार्करने मजकुराखाली लिहिलं: 'सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय हात घालू नका.' मग कंपनीच्या बसची वाट न बघता गेटबाहेर चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर प्रेसवर नवं कोरं पान! मजकूर तोच जुना, खाली आदल्या दिवशीची तारीख, आणि मॅडमची ओळ गायब. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेंटेनन्सवाल्याकडून कटर घेतला आणि सगळ्यांदेखत त्या पानाचे दोन तुकडे केले. मग पिवळा ऑइलपेंट मागवून मॅडमची ओळ प्रेसच्या अंगावरच रंगवली, लांबून दिसेल एवढी. खाली तारीख घातली नाही, माझं नाव घातलं. आता ते पुसायचं, तर कुणाला तरी प्रेससमोर उभं राहून हाताने पुसावं लागेल.