बर्फाच्या कप्प्यातलं शेवाळ

नव्वदच्या दशकात मी पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि राहायचो मुख्याध्यापकांच्याच घरामागच्या खोलीत. हा शहाणपणा कोणी करू नये.

सरांना प्रयोगशाळा बंद करून तिथे मोडकी बाकं रचायची होती. मी हट्टाला पेटलो. ध्रुवावरचे डोळ्यांना न दिसणारे जीव गोठूनही कसे जगतात, हे मी नुकतंच वाचलं होतं. थंडी पडली की त्यांची जनुकं जागी होतात, एक साखर आणि खास प्रथिनं बनवून घेतात, अंगातलं पाणी कमी करतात; मग पेशी फोडणारा बर्फ आत धरतच नाही. त्यांची आठ पायांची भावंडं आपल्या गडग्याच्या दगडी भिंतीवरच्या शेवाळातही राहतात. ती गोठवून पुन्हा चालवून दाखवतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं. सर म्हणाले, चालली तर खोली तुमची, नाहीतर बाकांची.

आमच्या आळीत फ्रीज एकच, सरांचा. त्याच्या बर्फाच्या कप्प्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आठवड्याचं खोबऱ्या-कोथिंबिरीचं वाटण स्टीलच्या छोट्या डब्यांत भरून ठेवत. मीही ओलं शेवाळ तसल्याच डबीत भरलं आणि शाळेचं सामान ठेवू का, म्हणून विचारलं. माहेर त्यांचं वरंधचं; त्या म्हणाल्या, "ठेवा की, जागा हाय." डबीवर चिठ्ठी लावायचं काही मला सुचलं नाही. ध्रुवावरचं वाचणाऱ्याला घरातलं कुठून सुचणार!

सोमवारी सर सूक्ष्मदर्शकापाशी येऊन उभे राहिले. मी डबी उघडली. आतून कोथिंबिरीचा घमघमाट सुटला.

सरांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रविवारच्या बोंबलाच्या कालवणात माती कचकचली होती आणि त्यावरून घरात बरंच वाजलं होतं, ते मला मागच्या खोलीत ऐकू आलं होतं. सरांचा हात पोटावर गेला.

"ते मरत नाहीत, असं तुम्ही आठवडाभर सांगताय," ते हळूच म्हणाले.

प्रयोगशाळा गेली, हे मला कळत होतं आणि जीव तुटत होता. पण खोटं कसं बोलणार? "सर, त्यांची जनुकं थंडीला पुरी पडतात. उकळत्या कालवणात ते मेलेच."

सरांनी पोटावरचा हात काढला. त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं.

"प्रयोगशाळा ठेवा," ते म्हणाले. "पण घरी यातलं अक्षर काढू नका. मातीवरून मी काल तिला नाही नाही ते बोललोय."