चारी ठिकाणी तेच

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी. पुढे शाळा उघडल्या, लेक शिकायला नांदेडला गेली आणि कॉम्प्युटर सासऱ्यांच्या ताब्यात गेला. त्यांना मी मामा म्हणते. सकाळी चहा झाला की मामा खुर्ची ओढून बसत आणि सोयाबीनचा भाव बघत. एका जागी बघून त्यांचं समाधान होत नसे. जवळा बाजार या गावच्या बाजारात उभी हयात त्यांनी माल असाच विकला होता. आधी एका अडत्याला विचारायचं, मग दुसऱ्याला, मग चहाच्या टपरीवर, मग माल उतरवून परतणाऱ्या एखाद्या टेम्पोवाल्याला. चारी ठिकाणी तेच ऐकू आलं तर ते खरं. या सवयीमुळे कुठल्याच व्यापाऱ्याला त्यांना फसवता आलं नाही आणि मला तिचं फार कौतुक होतं.

बिघडलं ते नवऱ्याच्या क्रिकेटपायी. फुकट सामने दिसतात म्हणून त्याने कुठलासा प्रोग्राम उतरवून घेतला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात जाहिराती यायला लागल्या. एक बंद केली की दुसरी हजर. मग एक दिवस इंटरनेट उघडल्यावर पहिलं दिसणारं पानच बदललेलं होतं. कोणी बदललं, कोणालाच ठाऊक नाही. मला ते बिलकूल आवडलं नाही. आपल्या घरात कोणी अनोळखी येऊन बसावं आणि घरच्यांनी त्याला वळसा घालून कामं करावीत, तसं ते चाललं होतं. मी नवऱ्याच्या मागे लागले, काढून टाक म्हणून.

"जाहिरातीच हायेत ना? तुला खाऊन राहिल्या का?" तो म्हणाला आणि सामना बघत बसला.

मामांना शुगर आहे, बरीच जुनी. उन्हाळा सरला तरी त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या सुटेना. न्हाणीपाशी मुंग्यांची रांग लागायला लागली. चपलेने घासून पायाच्या बोटाला जखम झाली होती, ती काही केल्या भरेना, उलट तिच्या कडा काळपट पडू लागल्या. मी विचारलं, "मामा, गोळ्या घेता ना?" ते म्हणाले, "व्हय." आजवर ते माझ्याशी खोटं बोलले नव्हते.

मी शाळेत शिकवते. एका दुपारी शाळेच्या कॉम्प्युटरवर पाऊसपाणी बघायला म्हणून हवामानाची वेबसाइट उघडली, मामा रोज बघत तीच. उघडली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरी या वेबसाइटच्या बरोबर मध्यभागी हिरव्या पाल्याचं चित्र असायचं, शेजारी हसरा म्हातारा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'शुगर मुळापासून, गोळ्या कायमच्या बंद'. इथे त्याचा मागमूस नव्हता. मी बाजारभावाची वेबसाइट उघडली, पंचांगाची उघडली, पेपरची उघडली. घरी प्रत्येक ठिकाणी दिसणारा तो म्हातारा इथे कुठेच नव्हता. तो वेबसाइटवर नव्हताच. आमच्याच कॉम्प्युटरमध्ये दडून बसला होता आणि मामा जिथे जातील तिथे त्यांच्या पुढे जाऊन उभा राहत होता.

घरी येऊन मामांच्या कपाटात पाहिलं. गोळ्यांच्या पट्ट्या तशाच्या तशा आणि त्यांच्या शेजारी हिरव्या भुकटीचे डबे, वर तोच हसरा म्हातारा.

"काहून मामा? कोणाला विचारायचं तरी."

"विचारल्याबिगर घेईन का मी? बाजारभावाच्या तिथं पाहिलं, हवामानाच्या तिथं पाहिलं, पंचांगात पाहिलं, पेपरात पाहिलं. चारी ठिकाणी तेच सांगून राहिले. चौघंच्या चौघं लबाड कसे असतील, बाई?"

मला रडू आलं. राग कोणावर काढावा तेही कळेना.

नांदेडला नेलं. बोट काढावं लागलं. पायाचं आत्ताच काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसले. क्रिकेटचा तो प्रोग्राम उडवला, त्याच्यासोबत शिरलेली, आम्ही कोणीच न घेतलेली आणखी दोन भुतं सापडली तीही उडवली, नोटिफिकेशन बंद केली, अँटिव्हायरसने सगळं तपासून घेतलं. नवरा मागे उभा राहून बघत होता. मग मामांना बोलावून चारी वेबसाइट दाखवल्या. म्हातारा एकीवरही नव्हता. एकच जण चार ठिकाणी उभा राहून बोलत होता, हे समजावून सांगितलं. मामांचा चेहरा उतरला.

"बाजारात सांगितलं मी," ते म्हणाले.

"कोणाला?"

"शुगर हाय त्या समद्यांला."

बाजाराच्या दिवशी ऑटो करून आम्ही जवळा बाजारला गेलो. मामांचा जुना दोस्त अडतीपुढे पोत्यावर बसला होता. मामांनी पट्टी बांधलेला पाय पुढे केला. "ती भुकटी फेक अन् गोळ्या सुरू कर. माझा पाय पाह्य."

दोस्ताने पाय पाहिला. त्याला खरंच वाईट वाटलं. मग तो हळूच म्हणाला, "तुमचंच काही पथ्य चुकलं असंल, दादा. तुमी एकट्यानं सांगितलं म्हणून मी थोडंच घेऊन राहिलो? आणखी तिघांला विचारलं. समदे तेच म्हणले."

"कोणकोण?"

त्याने बसल्या जागेवरून हात केला. समोरचा अडत्या, टपरीवाला, पलीकडे टेम्पोला टेकून उभा असलेला एक जण. मामा त्या तिघांकडे बघत राहिले. तिघांनाही त्यांनीच सांगितलं होतं.

"बसा, चहा सांगतो," म्हणत दोस्त उठला. आधी माठाकडे गेला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. मग त्याने तांब्या पुन्हा भरून घेतला.