सिंधुबाई मुराळी

तीस वर्षं मी एसटी चालवली, पण त्या दिवशी बायकोच्या शेजारी बसून जेवढा घाम फुटला तेवढा उभ्या नोकरीत फुटला नव्हता. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि आमच्या सिंधुबाईंनी साठाव्या वर्षी लायसन काढलेलं!

कारण तिची थोरली बहीण, चांगुणाक्का. धरणाकाठच्या एवढ्याशा गावात दिलेली. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, भाऊ मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला जायचा. भाऊ वारला आणि अक्का सहा वर्षं घराबाहेर पडली नाही. "मुराळी आला तर येईन, नायतर नाय," एकच हेका. फोन ठेवला की सिंधू रडायची. एके दिवशी डोळे पुसले आणि थेट ड्रायव्हिंग क्लासला गेली.

मी हसलो. "बाईमाणूस कधी मुराळी असतं का?"

"यंदापासून असतं," म्हणाली.

गंगापूर रोडवरून निघालो ते गावाच्या खड्या चढापर्यंत नीट आलो. तिथं शेळ्या आडव्या आल्या. सिंधूनं ब्रेक मारला आणि गाडी बंद! मागं सरकायला लागली. मागं धरणाचं पाणी.

"क्लच! अगं क्लच! ऊठ, मी घेतो!"

"गप बसा हो! नायतर उतरा खाली!"

तिनं हँडब्रेक ओढला, शेळ्या जाऊ दिल्या, गाडी चालू केली. आणि शाब्बास गं वाघिणी, एका दमात वर!

अक्का ओट्यावर बसलेली. "मुराळी कुठं हाय?" तिनं माझ्याकडं पाहिलं.

सिंधू किल्ली घेऊन उतरली. "मीच हाय, अक्का. चल."

अक्का उठली आणि आत गेली. सिंधूचा चेहरा पडला. मला तर त्या म्हातारीचा असा राग आला म्हणता! एवढी शिकली पोर, आणि ही दार लावून घेणार?

पण अक्का गरम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. भावाचे धुवायची तसेच सिंधूचे पाय धुतले, पदरानं पुसले. मग दोघी गळ्यात पडून रडल्या. माझेही ऑपरेशनवाले डोळे भरले.

मीसुद्धा हक्कानं पाय पुढं केले.

"पाव्हणं, तांब्या तिथं हाय," अक्का म्हणाली. "मी मुराळ्याचेच पाय धुते."

आणि कपड्यांची पिशवी उचलून गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.