मंगळवारचा स्पॅनिश राईस

माझं शुद्धलेखन वाईट आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाच्या हाती पडलंच तर माफ करावं. मला तोंडावर बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

मोठी जाऊ मला आवडत नाही. समोर मी तिला अहो ताई म्हणते, इथे म्हणणार नाही. मोठे दीर रेल्वेत इंजिनिअर. त्यांची बदली लखनौला झाली आणि मागोमाग यांनाही इथल्या एका कंपनीत चिकटवलं. आम्ही निशातगंजात एका खोलीत, ते क्वार्टरमध्ये. यांच्या मुतखड्याच्या ऑपरेशनला तिने पैसे दिले. तेव्हापासून तिच्याकडे काही असलं की मला फोन. मी थोडे थोडे फेडत होते, पण सगळे फिटेपर्यंत नाही म्हणायची सोय नव्हती.

त्या मंगळवारी तिच्याकडे किटी पार्टी होती. सकाळी जाताना चौकात मांडव बांधत होते. मला वाटलं, कुणाचं लग्न असेल.

"आज स्पॅनिश राईस करायचाय," ती मोबाईल पुढे धरून म्हणाली. "सगळं घरातच आहे. तांदूळ, कांदा, लसूण, टोमॅटो, जिरं, तिखट."

"म्हणजे आपला टोमॅटो भातच की."

"त्यांच्यासमोर हे बोलू नकोस हं. तू बोलतेस कुठे म्हणा!"

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. तिनेही बघितलं. वैशाख, वद्य पक्ष, चतुर्थी नाही. आमचा मंगळवार गणपतीचा, चतुर्थी नसली की कांद्याला हरकत नाही. मी कोरडे तांदूळ तेलात तांबूस होईपर्यंत परतले, कांदा-लसूण घातला, टोमॅटो किसून घातला, भाज्या उकडलेलं पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. भात मोकळा झाला. रंगही छान आला. ती चाखून म्हणाली, "जमलाय तुला." मग बाहेर गेली.

बायका आल्या त्या कपाळाला शेंदूर लावूनच. मी वाढायला वाकले तर एकीने ताटलीवर हात धरला.

"भाभीजी, इसमें प्याज है क्या?"

"हाँ, लहसुन भी है," जाऊ हौसेने म्हणाली.

"अरे! आज तो बड़ा मंगल है। जेठ का मंगल! बाहर भंडारे नहीं देखे?"

जेठातले मंगळवार इथे हनुमानाचे, कांदा-लसूण वर्ज्य आणि चौकाचौकात फुकट जेवणाचे भंडारे; सकाळचा मांडव त्याचाच. त्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो. तिथे जेठ लागला होता, आमच्या कॅलेंडरात अजून वैशाखच. कुणी घासही घेतला नाही. एकीने नमकीनची बशी ओढली आणि हसून म्हणाली, "महाराष्ट्र में हनुमान जी छुट्टी पर हैं क्या?" सगळ्या हसल्या.

जाऊचं तोंड लाल झालं. "मैंने नहीं बोला था प्याज डालने को," ती म्हणाली, "ये देवरानी है मेरी, चौथी पास. पति के ऑपरेशन का पैसा भी हमने दिया है. अब इससे क्या उम्मीद करें."

हातात पातेलं धरून मी तिथेच उभी. कांदा तिनेच टोपलीतून काढून दिला होता. आत येऊन मी पातेलं ओट्यावर आपटलं, तेवढंच. मागून ती मराठीत ओरडली, "अगं, भांडी माझी आहेत!"

घरी आल्यावर यांना म्हटलं, पाटल्या विकायच्या. ते म्हणाले, "काही महिने थांब, फिटतीलच."

"एक दिवसही नाही."

दुसऱ्या दिवशी अमीनाबादला जाऊन एका सराफाकडे पाटल्या मोडल्या. त्याने घट धरली, मी घासाघीस केली नाही. तिथून थेट क्वार्टर.

"एवढी घाई कसली होती गं?" ती म्हणाली. "आपण काय परके आहोत?"

"मोजा, ताई."

तिने थुंकी लावून नोटा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मी बसले नाही, पाणीही घेतलं नाही.

"बरोबर आहेत," ती म्हणाली.

"काही राहिलं?"

"नाही. सगळे आले."